अपुरे ठेवलेले घर



‘घर पाहावे बांधून’ ही म्हण मराठी माणसाने पुष्कळ सोसून मिळविली आहे. तिच्यात तक्रार आहे, तसाच अभिमानही आहे. दागिने मोडले, गवंड्यासुतारांच्या मिनतवाऱ्या केल्या, पावसाळा तोंडावर आला असता छपरावाचून दिवस काढले, असा माणूसच ती खऱ्या अर्थाने उच्चारू शकतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभरच्या शासनांनी शहरांतील गरिबांसाठी चाळवजा इमारती उभारल्या. त्यांतील रहिवाशाला मात्र ही म्हण उच्चारण्याचा अधिकार उरला नाही. त्याने घर बांधले नाही; त्याला ते मिळाले. मिळालेल्या घराला एक खोली जोडावी, पुढे ओटा काढावा, वर माडी चढवावी, असे त्याच्या मनात आले तर तो नियमभंग ठरला.

आधुनिक वास्तुकला म्हटली की सामान्यतः काचेचे मनोरे आणि पिळदार छपरांची संग्रहालये डोळ्यांसमोर येतात. वृत्तपत्रांच्या रंगीत पुरवण्यांत त्यांनाच स्थान मिळते, आणि छायाचित्रात ती खुलून दिसतात हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि गेल्या पन्नास वर्षांत या क्षेत्रात जो सर्वांत मूलगामी विचार पुढे आला, तो छायाचित्रात मावणारा नव्हे. घर बांधताना वास्तुशिल्पीने कोठे थांबावे, हा तो विचार होय. त्याचा जगात गाजलेला एक प्रयोग याच इंदूर नगरीत, शहराच्या मध्यापासून सुमारे सहा किलोमीटरवर झाला. जगभरचे विद्यार्थी तो पाहावयास येतात. इंदूरकरांपैकी किती जणांनी तो मुद्दाम जाऊन पाहिला असेल, हा प्रश्न या सभागृहात विचारणे थोडे अवघडच आहे.

त्या वसाहतीचे नाव ‘अरण्य’. इंदूर विकास प्राधिकरणाने हे काम बाळकृष्ण दोशी यांच्या वास्तुशिल्प फाउंडेशनकडे सोपविले आणि १९८३ च्या सुमारास आखणीस प्रारंभ झाला. दोशींचा जन्म १९२७ साली पुण्यात झाला. घरात दोन पिढ्यांचा लाकडी सामानाचा व्यवसाय होता. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत वास्तुकलेचे शिक्षण घेऊन ते पॅरिसला ल कार्बुझिए यांच्या कार्यालयात गेले आणि परतून अहमदाबादेस स्थायिक झाले. ल कार्बुझिए हे विसाव्या शतकातील वास्तुकलेचे चक्रवर्ती. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या माणसाने पुढे रहिवाशाच्या हाती रेघ सोपवावी, हा गुरूला दिलेला एक निराळाच नमस्कार म्हणावा लागेल.

आखणीपूर्वीच्या तयारीकडे विशेष लक्ष दिले पाहिजे, कारण अरण्यचे मर्म तेथेच आहे. दोशींच्या संस्थेने कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या अभ्यासकांसह इंदूरच्या झोपडपट्ट्यांची बारकाईने पाहणी केली. झोपडपट्टी म्हणजे हटविण्याची वस्तू, हीच अधिकाऱ्यांची तोवरची दृष्टी. हे अभ्यासक मात्र तेथे शिकावयास गेले. त्यांनी गल्ल्यांची मापे घेतली, झाडे नोंदली, ओट्यांचे नकाशे काढले. दारापुढच्या हातभर जागेत निवडणे-टिपणे, शिवणकाम, सायकलदुरुस्ती, मुलांचे खेळ आणि म्हाताऱ्यांची वामकुक्षी असा सगळा संसार चालतो, हे त्यांनी कागदावर आणले. आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानी आली. सरकारी योजनेत सर्वांना एकाच मापाचा भूखंड दिला जातो, तर लोकांनी आपल्या मनाने वसविलेल्या वस्तीत भूखंड लहानमोठे असतात. कोणाचे कुटुंब मोठे, कोणाची म्हैस दारात, कोणाचे दुकान कोपऱ्यावर. जागा त्या त्या गरजेने आकारास येते. ‘समान’ म्हणजे ‘न्याय्य’ असे धरून चालणाऱ्या कचेरीला हा मोठाच धडा होता.

या पाहणीवरून सुमारे ८५ हेक्टर जमिनीवर साडेसहा हजार भूखंडांची आखणी झाली. सर्वांत लहान भूखंड ३५ चौरस मीटरांचा, तर सर्वांत मोठा पावणेपाचशे चौरस मीटरांचा. सुमारे ६५ टक्के भूखंड आर्थिकदृष्ट्या दुर्बळ घटकांसाठी होते. उरलेले मध्यम व वरच्या उत्पन्नगटांना विकून त्या पैशावर गरिबांच्या भूखंडांचा भार हलका करावयाचा, असा हिशेब होता. श्रीमंतांचे भूखंड मोठ्या रस्त्यांच्या कडेने, गरिबांचे आतल्या बाजूस, चौकांच्या व पायवाटांच्या जाळ्यात. साधारण दहा घरांचा एक पुंजका, प्रत्येकामागे अंगण आणि पुढे गल्ली. वीस घरांत मिळून एक मलकुंड. वीज आणि पाणी सर्वत्र.

घर मात्र पुरे बांधलेले नाही. दुर्बळ गटातील कुटुंबाला मिळाले ते जोते, संडास आणि मोरी. ऐपतीप्रमाणे फार तर एक खोली. पुढचे त्याचे त्याने पाहावे. कसे पाहावे याचा वस्तुपाठ म्हणून दोशींनी ८० नमुन्याची घरे बांधून दाखविली. एका खोलीपासून ऐसपैस घरापर्यंत त्यांत सर्व प्रकार होते. ओटा, सज्जा, बाहेरून चढणारा जिना, गच्ची ही त्या घरांची अक्षरे. त्यांतून शब्द कोणते जुळवावयाचे ते रहिवाशाने ठरवावे. बाहेरचा जिना ही वरवर क्षुल्लक वाटणारी गोष्ट पाहा. जिना बाहेर असला की वरची खोली भाड्याने देता येते, थोरल्या मुलाचा संसार वेगळा मांडता येतो आणि तरी चूल फुटली तरी घर फुटत नाही. वाड्यात राहिलेल्या पिढीला याचे स्पष्टीकरण नको.

१९९५ साली अरण्यला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. पुढे २०१८ मध्ये वास्तुकलेतील नोबेल म्हणून ओळखला जाणारा प्रित्झकर पुरस्कार दोशींना लाभला. तो मिळविणारे ते पहिले भारतीय. त्या वेळच्या माहितीनुसार अरण्यात ८० हजारांवर लोक राहत होते. जानेवारी २०२३ मध्ये दोशी निवर्तले.

या नगरीशी संबंध असलेल्या आणखी एका पुरुषाचे स्मरण येथे अप्रस्तुत होणार नाही. स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस यांना होळकर दरबाराने पाचारण केले होते आणि त्यांचा इंदूरविषयीचा दोन खंडांचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. जुनी वस्ती सरळ रेषेत कापून रुंद रस्ते काढण्याच्या तत्कालीन अभियंत्यांच्या हव्यासाला त्यांचा विरोध होता. पडके तेवढे काढा, अडलेले तेवढे मोकळे करा, बाकीच्यांना नांदू द्या, असा त्यांच्या शिकवणीचा आशय. त्या अहवालानंतर ६५ वर्षांनी त्याच शहरात लोकांच्या बांधण्याच्या शहाणपणावर विश्वास ठेवणारी वसाहत आखली गेली. दोशींनी गेडिसांपासून थेट काय घेतले याचा काथ्याकूट संशोधकांनी करावा. इंदूरच्या मातीला हा विचार नवखा नव्हता एवढे खरे.

अरण्य आखले जात असतानाच चार्ल्स कोरिया नव्या मुंबईत बेलापूरला असाच प्रयोग करीत होते. कोरिया गोव्याच्या घराण्यातले, जन्म सिकंदराबादचा, कर्मभूमी मुंबई. बेलापूरला त्यांनी ठेवलेला एक दंडक सर्वांत महत्त्वाचा: कोणत्याही दोन घरांची भिंत सामाईक असावयाची नाही. भिंत सामाईक असली की वाढविण्याआधी शेजाऱ्याची मर्जी लागते, आणि शेजाऱ्याची मर्जी म्हणजे काय हे सांगावयास नको. सात घरांच्या मध्ये एक चौक, असे तीन चौक मिळून त्यांच्यामध्ये एक थोरला चौक, अशी ती रचना चढत जाते.

पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, चिली देशातील इकिके या शहरात, हाच विचार २००४ मध्ये निराळ्या रूपाने अवतरला. शहराच्या मध्यभागी अर्ध्या हेक्टरावर शंभराच्या आसपास कुटुंबे तीस वर्षे बेकायदा राहत होती. शासन दर कुटुंबामागे साडेसात हजार डॉलर देत होते. त्यातच जमीन, गटार आणि घर बसवावयाचे. एवढ्या पैशात नेहमीप्रमाणे गावाबाहेर माळावर छोटी घरे झाली असती आणि कुटुंबांचा रोजगार हातचा गेला असता. आलेहांद्रो आरावेना या वास्तुशिल्पीने जमीन महाग पडली तरी शहरातलीच धरली आणि घर अर्धेच बांधले. कुटुंबाला स्वतःच्या बळावर जमणे कठीण असा भाग त्यांनी उचलला: सांगाडा, जिना, स्वयंपाकघर, न्हाणीघर. दोन घरांमध्ये रिकामी पोकळी सोडली. ३६ चौरस मीटरांची घरे रहिवाशांनी ती पोकळी भरून दुपटीपर्यंत नेली. आरावेनांना २०१६ मध्ये प्रित्झकर मिळाले.

आता आक्षेपांकडे वळावे. ते हलके नाहीत. पहिला आक्षेप असा की, अर्धे घर देणे म्हणजे शासनाने अर्धी जबाबदारी झटकणे. श्रीमंताने पुरे घर विकत घ्यावे आणि दिवसभर राबून आलेल्या मजुराने रात्री विटा रचाव्यात, हा कोठला न्याय? हा प्रश्न केवळ वास्तुकलेच्या कौतुकाने मिटत नाही. याचे उत्तर कोणता अर्धा भाग दिला यावर अवलंबून आहे. विटांची भिंत कुटुंब आज ना उद्या उभी करते. गटार, जलवाहिनी, रस्त्याची रुंदी, जमिनीची मालकी आणि कामाच्या ठिकाणाची जवळीक या गोष्टी मात्र कोणतेही कुटुंब एकट्याने मिळवू शकत नाही. शासनाने हे पुरे दिले तर अपुरे घर हे औदार्य ठरते. हे न देता नुसती चार खांबांची चौकट दिली तर ती फसवणूक.

दुसरा आक्षेप अरण्यच्या अनुभवातूनच आला. भूखंड भरावयास वेळ लागला. काही मूळ धारकांनी आपले भूखंड विकले आणि त्यांच्या जागी बरी ऐपत असलेली कुटुंबे आली. ज्यांच्यासाठी सारा खटाटोप केला त्यांतले काही पुन्हा दुसऱ्या झोपडपट्टीत गेले असतील, ही शक्यता नाकारता येत नाही. भूखंड आणि सोयी देण्याच्या योजनांना जागतिक बँकेने सत्तरीच्या व ऐंशीच्या दशकांत भारतात साह्य केले. मुंबईतील चारकोप हे त्याचे परिचित उदाहरण. रिकामे भूखंड आणि विक्रीव्यवहार पाहून पुढे या योजना फसल्या असे मानले गेले व हात आखडता घेतला गेला. गंमत अशी की २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चेन्नई व मुंबई येथील अशाच वसाहती पुन्हा तपासल्या गेल्या, तेव्हा त्या भरलेल्या, मिश्र उत्पन्नगटांच्या आणि राहण्यास चांगल्या आढळल्या. वाढत्या घराचा हिशेब पाच वर्षांनी तपासणे म्हणजे आंब्याची कोय लावून दुसऱ्याच पावसाळ्यात फळाची वाट पाहणे. सरकारी अहवालाला तेवढा धीर नसतो.

उलट बाजूस काय घडते तेही पाहावे. मुंबईत १९९५ नंतर झोपडपट्टी पुनर्वसनात कुटुंबाला प्रथम २२५ चौरस फुटांची सदनिका मिळू लागली. पुढे तिचे क्षेत्र वाढून ३०० चौरस फूट झाले. सदनिका पक्की, संडास आत, गळकी पत्रे गेली; हा लाभ ज्याने तो उपभोगला त्याला विचारावा. परंतु सातव्या मजल्यावर पापड वाळत नाहीत, इस्त्रीच्या टेबलापुढे गिऱ्हाईक येत नाही, आणि मुलाचे लग्न झाले की भिंत एक वीतही सरकत नाही. पंतप्रधान आवास योजना २०१५ मध्ये सुरू झाली. तिच्या शहरी विभागात स्वतःच्या जमिनीवर स्वतः घर बांधणाऱ्यास साह्य देण्याची तरतूद होती, आणि मंजूर घरांत सर्वांत मोठा वाटा त्याच प्रकाराचा निघाला. मात्र ज्याच्यापाशी जमीनच नाही त्याला त्या तरतुदीचा उपयोग नाही. अरण्यने प्रथम दिली होती ती जमीन.

दोशींनी १९७३ मध्ये अहमदाबादेस आयुर्विमा महामंडळासाठी घरे बांधली. तेथे तळाचे घर सर्वांत मोठे व वरचे लहान ठेवून गच्च्यांवर वाढीस वाव दिला होता. काही दशकांनंतर ती ओळखू न येण्याइतकी बदलली. सज्जे बंदिस्त झाले, खोल्या निघाल्या, रंग चढले. आपले काम असे ‘बिघडलेले’ पाहून दुसरा कोणी वास्तुशिल्पी व्यथित झाला असता. दोशींनी त्या बदलांचे स्वागत केले.

अरण्यातील नमुन्याच्या घरांचीही तीच गत आहे. बेलापूरला तर कोरियांची कित्येक उतरत्या छपरांची घरे पाडून तेथे काँक्रीटचे बंगले झाले आहेत, आणि उरलेली जतन करावीत अशी हळहळ वास्तुकलेचे अभ्यासक व्यक्त करतात. ती समजण्यासारखी आहे. पण वाढण्यासाठीच आखलेले घर गोठवून ठेवावे कसे, याचे उत्तर त्यांच्यापाशीही नाही. बेलापूरचे चौक मात्र अद्याप चौकच आहेत. अरण्यच्या गल्ल्यांतही रंग, जाळ्या, फरशा आणि मजले घरागणिक वेगळे झाले. जोती मात्र आखली होती त्याच ओळीत आहेत, आणि संध्याकाळी माणसे ओट्यांवर येऊन बसतात.