रांग लागण्याआधी



लिंबागणेश या भालचंद्राच्या गावात कोणत्या विषयावर बोलू, असं मी संयोजकांना विचारलं. ते म्हणाले, "‘सर्व्हर डाऊन आहे’ हे आम्ही सारखं ऐकतो. त्याच्यामागे काय असतं तेवढं सांगा."

पीकविम्याची मुदत संपत आलेली असते. सेवा केंद्रासमोर रांग असते, हातात आधार, पासबुक, सातबारा. केंद्रचालक पडद्याकडे बघून मान हलवतो. आता सांगा, बिघाड झाल्याची पहिली खबर कुणाला लागली? रांगेतल्या शेतकऱ्याला. ज्यांच्या ताब्यात ती यंत्रणा आहे त्यांना ती पुष्कळदा नंतर कळते, तीही तक्रारींमधून. हा क्रम उलटा आहे आणि तो सुलटा करता येतो. मी पुण्यात हेच काम करतो, म्हणून एवढ्या खात्रीनं सांगतो आहे.

हे सर्व्हर असतात कुठे? आज बहुतेक क्लाउडवर, म्हणजे मोठ्या कंपन्यांनी बांधलेल्या इमारतींमधल्या भाड्याच्या यंत्रांवर. मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये पुण्यात असं केंद्र सुरू केलं, अमेझॉन २०१६ मध्ये आणि गुगल २०१७ मध्ये मुंबईत आलं. महाराष्ट्र सरकारनं जानेवारी २०१८ मध्ये स्वतःचं सार्वजनिक क्लाउड धोरण जाहीर केलं. सोय वाढली, पण पसाराही वाढला. एखाद्या सेवेचं लॉगिन एका कंपनीकडे, कागदपत्रं दुसरीकडे आणि ओटीपी पाठवणारा तिसराच, असं सहज होतं. यातला एक जरी अडला तरी रांगेतल्या माणसाचं काम अडतं.

प्रत्येक कंपनी आपापली देखरेखीची सोय देते. अमेझॉनचं क्लाउडवॉच, मायक्रोसॉफ्टचं अझूर मॉनिटर, गुगलचं क्लाउड मॉनिटरिंग. तिन्ही चांगली आहेत. पण एकच गोष्ट तिघे तीन नावांनी मोजतात आणि काय आपोआप मोजायचं, काय नाही, हेही प्रत्येकाचं वेगळं. अमेझॉनच्या यंत्रावर प्रोसेसर किती राबतोय हे क्लाउडवॉच आपणहून दाखवतं. यंत्राच्या आत मेमरी आणि डिस्क किती भरली हे मात्र दाखवत नाही. त्यासाठी एजंट नावाचा वेगळा छोटा प्रोग्राम बसवावा लागतो. हे ठाऊक नसलेला माणूस हिरवा आलेख बघत निवांत राहतो आणि डिस्क तुडुंब भरून यंत्र बंद पडतं.

याहून मोठी अडचण आता सांगतो. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अमेरिकेत अमेझॉनची एस-थ्री ही साठवणुकीची सेवा चुकीच्या आज्ञेमुळे चार तासांच्या वर कोलमडली. सेवांची प्रकृती दाखवणारं अमेझॉनचं जाहीर पान सुरुवातीला बदलताच येईना, कारण ते चालवणारी व्यवस्थाही एस-थ्रीवरच उभी होती. आठ वर्षांनी, १२ जून २०२५ रोजी, गुगल क्लाउडवर तेच घडलं. बिघाडाची पहिली जाहीर सूचना यायला सुमारे तासभर लागला, कारण सूचना देणारी यंत्रणाच त्या बिघाडात सापडली होती. गुगलनं आपल्या अहवालात आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहिली: ज्या ग्राहकांनी स्वतःची देखरेखही गुगलवरच ठेवली होती, त्यांच्यातल्या काहींना बिघाडाचा इशाराच मिळाला नाही.

म्हणून माझा पहिला आग्रह असा की, देखरेख करणारा निदान एक पहारेकरी बाहेरचा हवा. सेवा अमेझॉनवर चालत असेल तर तपासणारं छोटं यंत्र दुसऱ्या कंपनीकडे ठेवा. त्यानं दर मिनिटाला नागरिकासारखं वागावं: पान उघडावं, लॉगिन करावं, चाचणीसाठी ठेवलेला एक उतारा मागावा आणि तो किती सेकंदांत आला ते नोंदवावं. प्रोसेसर किती तापला यापेक्षा माणसाला उतारा मिळाला का, हे मोलाचं आहे. गुगलच्याच अभियंत्यांनी २०१६ च्या पुस्तकात चार खुणा सांगितल्या: उत्तराला लागणारा वेळ, येणारी गर्दी, चुकांचं प्रमाण आणि यंत्र किती भरत आलं. या चार खुणा तिन्ही कंपन्यांकडून एका ठिकाणी आणायला प्रोमेथियस हे सॉफ्टवेअर आहे, पडद्यावर दाखवायला ग्राफाना आहे. दोन्ही फुकट मिळतात. फक्त सगळीकडच्या नोंदी एकाच प्रमाणवेळेत ठेवा, नाहीतर भारतीय आणि जागतिक वेळेतल्या फरकामुळे आधी काय पडलं यावरच साडेपाच तासांचा घोळ होतो.

आता ‘आधी कळणं’ म्हणजे काय? माजलगाव धरणाची पातळी कोणत्या वेगानं चढते आहे ते बघून सिंदफणाकाठच्या गावांना सावध करतात. पाणी वेशीत शिरेपर्यंत कुणी थांबत नाही. डिस्कचंही तसंच. "नव्वद टक्के भरली" या इशाऱ्यापेक्षा "याच वेगानं चार तासांत भरेल" हा इशारा कामाचा, आणि प्रोमेथियसमध्ये असा हिशेब करण्याची सोय आहे.

काही संकटं तर तारीख ठरवून येतात. ३ फेब्रुवारी २०२० रोजी मायक्रोसॉफ्टचं टीम्स हे ऑनलाइन बैठकांचं साधन काही तास बंद पडलं, कारण एका डिजिटल सर्टिफिकेटची मुदत संपली होती. एवढी मोठी कंपनी आणि एक चुकलेली तारीख! ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिनिधीचं उदाहरण आणखी बोलकं आहे. त्याचे सभासद सहा लाखांहून अधिक. त्यांची गुगलवरची व्यवस्था उभी करताना गुगलच्या बाजूनं एक रकाना रिकामा राहिला आणि मुदत आपोआप एक वर्ष धरली गेली. वर्ष संपलं आणि मे २०२४ मध्ये ती व्यवस्था आपोआप पुसली गेली. ग्राहकाला आधी सूचना गेलीच नाही. जवळजवळ आठवडाभर सभासदांना खाती दिसेनात. सेवा परत उभी करताना दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेल्या बॅकअपचाही आधार मिळाला. सर्टिफिकेट, डोमेन, करार, भाड्याचं बिल, ज्याला ज्याला मुदत आहे त्याची यादी करून तीस दिवस आधी अलर्ट लावणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. ते होत नाही, कारण यादी कुणाची हे ठरलेलं नसतं.

अलर्ट लावायचे म्हणजे शेकडो लावायचे नाहीत. रात्रभर फोन वाजत राहिला की माणूस तो पालथा घालून झोपतो, आणि खरा इशारा त्याच ढिगात हरवतो. हे मी जवळून पाहिलं आहे आणि मला ते फार गंभीर वाटतं, कारण दोष त्या थकलेल्या माणसावर येतो. रात्री तीनला फोन वाजवायचा तर तीनलाच काहीतरी करण्यासारखं असावं; बाकीचं सकाळच्या यादीत जावं. प्रत्येक अलर्टसोबत पहिलं काय तपासायचं ते चार ओळींत, सोप्या मराठीत लिहिलेलं असावं. पाच-दहा मिनिटांत कुणी उत्तर दिलं नाही तर फोन पुढच्याकडे जावा. शिवाय देखरेख करणाऱ्या यंत्रणेनं ठरावीक वेळानं "मी चालू आहे" असा निरोप बाहेर पाठवत राहावं. तो थांबला की तोच अलर्ट. शांततेचा अर्थ सगळं ठीक आहे असा कधीही धरू नका.

विद्यार्थी मित्रहो, प्रोमेथियस आणि ग्राफाना साध्या लॅपटॉपवर चालतात. याच गावात बसून शिकता येतील. आणि इथे पतसंस्थांचे, दूध संस्थांचे, शाळांचे पदाधिकारी आहेत, त्यांना सांगतो: तुमचं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याला पुढच्या बैठकीला बोलवा. सेवा बंद पडली तर आधी तुम्हाला कळतं की आमच्या सभासदाला, हे विचारा. देखरेख कुठल्या कंपनीच्या यंत्रावर आहे आणि मूळ सेवा कुठल्या, हे विचारा. बॅकअपमधून माहिती शेवटची कधी परत आणून बघितली, ती तारीख लेखी मागा.