न मागता मिळालेला देश

(आपल्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा पाठ)



संयोजकांनी सांगितलं होतं की प्रत्येकाने आपल्या कामाच्या अनुषंगाने पाच-दहा मिनिटं बोलावं. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. जेवणाआधी तुमच्यासमोर प्रोग्रामिंगवर बोलण्याइतकी मी निर्दय नाही. पण आमच्या कामातली एक छोटी गोष्ट सांगते आणि तिथूनच विषयाकडे वळते.

तुम्ही सगळे ऑनलाइन फॉर्म भरता. काही रकान्यांपुढे लाल चांदणी असते. म्हणजे तो रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 'राष्ट्रीयत्व' हा बहुतेक ठिकाणी असाच रकाना असतो. देशांची यादी उघडते, आपण 'भारत' निवडतो आणि पुढे जातो. एक सेकंदही लागत नाही. त्या यादीत 'कुठलाच देश नाही' असा पर्याय मात्र सहसा नसतो. आणि जगात तो पर्याय लागणारी माणसं आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेने मोजलेल्या अशा माणसांची संख्या सुमारे 44 लाख आहे आणि खरी संख्या याहून बरीच मोठी असणार, असं तीच संस्था सांगते. कारण ज्याची नोंदच नाही, त्याला मोजणार कसं? अशा माणसाला देशविहीन म्हणतात. तो गुन्हेगार नसतो. फक्त 'हा आमचा' असं म्हणणारं एकही सरकार त्याच्यामागे नसतं.

आपल्यातले काही जण आज अमेरिकेत आहेत, काही आखातात, काही जर्मनीत. व्हिसाच्या रांगा आणि मुदतवाढीची धाकधूक त्यांना चांगली माहीत आहे. पण अगदीच काही बिनसलं तर परतायला त्यांना एक देश आहे. पासपोर्टचा खरा अर्थ तोच: याला कुठूनही परत पाठवलं तर आम्ही घेऊ. देशविहीन माणसाकडे नेमकं हेच नसतं.

तुम्हाला वाटेल, हे कुठलं तरी दूरचं दुखणं आहे. तसं नाही. आपल्या लहानपणी थंडी सुरू झाली की अकोल्या-नागपूरसारख्या शहरांत रस्त्याच्या कडेला स्वेटरची दुकानं लागायची. रंगीबेरंगी स्वेटर, कानटोप्या, शाली. विकणाऱ्या बायकांना आपली आई-मावशी सर्रास 'नेपाळी' म्हणायची. त्यातल्या बहुतेक नेपाळी नव्हत्या, तिबेटी होत्या. माल लुधियानाच्या घाऊक बाजारातून, बऱ्याचदा उधारीवर उचललेला असायचा. चार महिने विक्री करून तो हिशेब चुकता करायचा आणि पुन्हा आपल्या वसाहतीत जायचं. अशी एक वसाहत आपल्याच विदर्भात आहे. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, इटियाडोह धरणाजवळ गोठणगाव आहे. तिथली नोर्ग्यालिंग ही तिबेटी वसाहत 1972 मध्ये वसली. तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता.

1959 मध्ये दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागून सुमारे 80 हजार तिबेटी आले. भारताने त्यांना आसरा दिला, जमिनी दिल्या, शाळा दिल्या. जगातल्या फार थोड्या देशांनी एवढं केलं असेल आणि त्याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा. पण कागदावर ते परकीयच राहिले. त्यांच्याकडे नोंदणी प्रमाणपत्र असतं आणि त्याचं ठराविक मुदतीने नूतनीकरण करावं लागतं. पासपोर्टऐवजी पिवळ्या रंगाचं ओळख प्रमाणपत्र असतं. त्यावर भारतात परत येण्यास हरकत नाही, असा शेरा लागतो. परदेशी विमानतळावरच्या माणसाने असली पुस्तिका कधी पाहिलेलीच नसेल, तर प्रवासी तिथेच अडकतो. मतदान नाही, सरकारी नोकरी नाही, वसाहतीतली जमीन स्वतःच्या नावावर नाही.

आता मला जे मुख्य सांगायचं आहे, ते सांगते. आपल्या बॅचमधले जवळजवळ सगळे 1981-82 चे. आपण भारताचे नागरिक का आहोत? आपण काही केलं म्हणून नाही. 1955 च्या नागरिकत्व कायद्याचं तिसरं कलम म्हणतं की 26 जानेवारी 1950 पासून 1 जुलै 1987 च्या आधीपर्यंत जो भारताच्या भूमीवर जन्मला, तो भारताचा नागरिक. आईबाप कोण, धर्म कोणता, भाषा कोणती, काही विचारलेलं नाही. अपवाद फक्त परदेशी राजदूतांची मुलं वगैरे मोजकेच. म्हणजे 1981 मध्ये चिखलीच्या दवाखान्यात जन्मलेली मी आणि त्याच वर्षी गोठणगावच्या वसाहतीत जन्मलेली एखादी तिबेटी मुलगी, या कायद्यापुढे दोघी अगदी सारख्या.

1 जुलै 1987 पासून नियम बदलला. आई किंवा वडील यांपैकी एक जण भारतीय नागरिक हवा. 3 डिसेंबर 2004 पासून आणखी कडक झाला. दोघंही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक हवा आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. आम्ही प्रोग्राममध्ये अटी लिहितो, तशाच या अटी. समजा तिबेटमधून आलेल्या एका जोडप्याला गोठणगावात तीन मुलं झाली: 1981, 1986 आणि 1988 मध्ये. एकच घर, एकच ताट. पहिली दोन मुलं जन्माने भारतीय आणि तिसरं परकीय.

पण गंमत म्हणा की शोकांतिका, पहिल्या दोघांनाही ते भारतीय आहेत असं कुणी सांगितलं नाही. त्यांनाही परकीय म्हणूनच नोंदवलं गेलं. नामग्याल डोल्कर या 1986 मध्ये हिमाचलातल्या कांगड्यात जन्मलेल्या तरुणीने भारतीय पासपोर्ट मागितला, तेव्हा तो नाकारला गेला. कारण तिच्या कागदांवर तिचं राष्ट्रीयत्व 'तिबेटी' लिहिलेलं होतं. ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली. 22 डिसेंबर 2010 रोजी निकाल लागला. कुणी स्वतःला तिबेटी म्हणवलं म्हणून जन्माने मिळालेलं नागरिकत्व सुटत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. तरी बाकीच्यांना पासपोर्ट मिळेनात. 2016 मध्ये त्याच न्यायालयाला पुन्हा तसाच आदेश द्यावा लागला. 2017 मध्ये सरकारने पासपोर्ट द्यायचं मान्य केलं, पण अटी घातल्या: नोंदणी प्रमाणपत्र परत करा, वसाहत सोडा, तिथल्या सवलतींवर पाणी सोडा. म्हणजे देश हवा असेल तर घर सोडा.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. अनेक तिबेटींना भारतीय नागरिकत्व नकोही असतं. आपण सगळे भारतीय झालो तर तिबेटचा प्रश्न मांडायला कोण उरेल, असं त्यांना वाटतं. त्या भावनेचा मला आदर आहे. पण नको म्हणणं आणि मिळतच नाही, यात फरक आहे. नको म्हणण्याचा अधिकारसुद्धा ज्याला मिळू शकतं, त्यालाच असतो.

2019 च्या नागरिकत्व दुरुस्तीने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांसाठी वाट काढली. त्यात बौद्ध आहेत, पण त्या यादीत चीन नाही. म्हणून तिबेटी बौद्ध त्यात बसत नाहीत. 1 सप्टेंबर 2025 पासून परकीयांविषयीचा जुना 1946 चा कायदा जाऊन नवा कायदा आला. त्यातही एक जुनी गोष्ट कायम आहे: तू परकीय आहेस असा प्रश्न उभा राहिला, तर आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या माणसावरच असते.

हे वाक्य मला फार अस्वस्थ करतं, कारण ते फक्त तिबेटींपुरतं नाही. मनात एक यादी करून बघा. उद्या कुणी विचारलं, तर आपल्याकडे दाखवायला काय आहे? जन्माचा दाखला आणि आपल्या शाळेचा दाखला. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये आपलं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ लिहिलेलं आहे. ते इथे बसलेल्या सरांनी आणि बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं. त्या ओळीतून पुढे आपला पासपोर्ट निघाला, नोकरी निघाली, कुणाचं ग्रीन कार्डही निघालं. सर, आपण आम्हाला गणित शिकवलंत, त्याबद्दल आम्ही नेहमी आभार मानतो. आज त्या एका ओळीबद्दल मानते.

आता आपल्याच तालुक्याकडे पाहू या. गावाबाहेरची पालं, वीटभट्ट्या, ऊसतोडीला गेलेली कुटुंबं. ही माणसं देशविहीन नाहीत. तुमच्या-माझ्याइतकीच ती भारतीय आहेत. पण त्यांचं मूल आज या गावच्या शिवारात जन्मतं, परवा दुसऱ्या जिल्ह्यात असतं आणि जन्माची नोंद कुठेच होत नाही. 1 ऑक्टोबर 2023 पासून कायदा असा आहे की त्या तारखेनंतर जन्मलेल्या मुलासाठी शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट, मतदारयादी या सगळ्याला जन्मदाखला हाच आधार. जन्माची नोंद 21 दिवसांत विनाशुल्क होते. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय होत नाही. भट्टीवरची बाई त्या कचेरीत कितीदा जाणार, आणि त्या दिवसाची मजुरी तिला कोण देणार?

म्हणून माझी एक सूचना आहे. आपण बॅचतर्फे शाळेला पाण्याची टाकी किंवा प्रोजेक्टर देण्याचं ठरवतो आहोत. ते जरूर द्यावं. त्याबरोबर आपल्यातले जे चिखलीत राहतात, त्यांनी दर महिन्याला एक रविवार पालांवर आणि भट्ट्यांवर जावं आणि नवजात बाळांची माहिती घेऊन ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंद करून द्यावी. आपल्यात ग्रामसेवक आहेत, आशाताई आहेत, वकील आहेत. बाहेर राहणाऱ्यांनी जाण्यायेण्याचा आणि कागदपत्रांचा खर्च उचलावा. नोंदींची यादी ठेवायचं साधं ॲप मी करून देते. आणि जे शिक्षक झाले आहेत, त्यांना एवढंच सांगते की दाखला नाही म्हणून कुठल्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, असं शिक्षण हक्क कायद्याचं चौदावं कलम सांगतं. आधी नाव लिहून घ्या. दाखल्याचं मागून पाहता येईल.

तिबेटींचा प्रश्न दिल्लीत सुटायचा तेव्हा सुटेल. आपल्याकडे जन्मलेल्या मुलाची एक ओळ लिहायला मात्र दिल्लीची परवानगी लागत नाही. ज्यांना या कामात यायचं असेल, त्यांनी जेवणानंतर माझ्याकडे नाव द्यावं. वही आणली आहे.