नळी काढायची तारीख

आज आपण एका अवघड जागच्या दुखण्याविषयी बोलणार आहोत.

मुतखड्याच्या ऑपरेशननंतर पुष्कळदा डॉक्टर किडनीपासून लघवीच्या पिशवीपर्यंत एक मऊ, बारीक नळी आत ठेवतात. तिला स्टेंट म्हणतात. ती साधारण वीतभर लांब असते. दोन्ही टोकं वळलेली, म्हणून ती जागची हलत नाही. आतली सूज उतरेपर्यंत लघवीची वाट मोकळी ठेवायची, हे तिचं काम.

आमच्या गटातल्या एका ताईंना अशी नळी बसवली. घरी आल्यावर सारखी लघवीची घाई, लघवी करताना कमरेत कळ, लघवीला लालसर रंग. त्यांना वाटलं, ऑपरेशन बिघडलं. सांगायची लाज. शेतात आडोसा नाही, म्हणून त्यांनी पाणी पिणंच कमी केलं. दोन बैठका चुकल्या, तेव्हा आम्ही घरी गेलो.

दवाखान्यातून कळलं, की नळी असेपर्यंत असा त्रास बऱ्याच जणींना होतो. तो कमी करायला गोळ्या असतात. म्हणून त्रास बोलून दाखवा. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं नसेल, तर भरपूर प्या. लघवी तुंबवू नका. जड ओझं, हंडे काही दिवस दुसऱ्या कुणी उचलावेत. नवऱ्याजवळ जाताना दुखत असेल, तर तेही स्पष्ट सांगा.

मात्र थंडी वाजून ताप आला, लघवी अडली, रक्ताच्या गाठी पडल्या किंवा कळ सहन होईना, तर सकाळची वाट बघू नका. लगेच दवाखाना गाठा.

ताईंच्या कार्डावर नळी काढायची तारीख होती. ती उलटून तीन आठवडे झाले होते. "आता बरं वाटतंय, परत खर्च कशाला?" असं त्या म्हणत होत्या. पण नळी आत राहिली, तर तिच्यावरच खडे साठतात आणि किडनी निकामी होऊ शकते. आम्ही त्यांना घेऊन गेलो. चिरफाड नाही, लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालून काही मिनिटांत नळी निघाली.

तेव्हापासून गटाच्या वहीत कर्जाच्या हप्त्यांशेजारी आम्ही अशी तारीखही लिहितो. हप्ता चुकला तर दंड भरून भागतं. ही तारीख चुकली तर भागत नाही. तुमच्याही वहीत एक पान ठेवा.