शहराचा कारभार : आधी काय, मग काय?



महापालिकेची निवडणूक जाहीर झाली की प्रभागाप्रभागांतून आश्वासनांची अतिवृष्टी सुरू होते. उड्डाणपूल, नाट्यगृह, विरंगुळा केंद्र, कमानी, कारंजी, करमाफी... उमेदवाराच्या पत्रकात शहराला हवेसे वाटणारे सारे काही असते. नसतो तो केवळ क्रम. यांपैकी पहिले काय, आणि पैसा अपुरा पडला तर मागे काय राहील, या प्रश्नाचे उत्तर त्या गुळगुळीत कागदावर कोठेही छापलेले नसते. वस्तुतः नगरकारभाराचे सारे धोरण याच एका प्रश्नात सामावलेले आहे. महापालिकेची तिजोरी मर्यादित आणि गरजा अमर्याद असतात. म्हणून जो उमेदवार सर्वच गोष्टींना अग्रक्रम देतो, तो वास्तविक कशालाच अग्रक्रम देत नसतो.

पुण्याच्या इतिहासात या विवेकाचा एक तेजस्वी दाखला आहे. पुण्यात नगरपालिका स्थापन झाली ती १८५७ साली. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात तिचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणासाठी वापरावा, अशी भूमिका घेऊन जोतीरावांनी एकट्याने त्याला विरोध केला. सभागृह एका बाजूला आणि एक सभासद दुसऱ्या बाजूला! लोकांचा पैसा आधी कोणासाठी, हा प्रश्न निर्भयपणे विचारणे हेच नगरसेवकाचे आद्य कर्तव्य आहे, हा धडा त्या एका विरोधी मताने घालून दिला. पुढे १८९५ मध्ये लोकमान्य टिळक याच नगरपालिकेत निवडून गेले. नामदार गोखल्यांनी तिचे अध्यक्षपद भूषविले. राष्ट्रकार्याचा विचार करणाऱ्या या पुरुषांना गटारे आणि नळ यांचा विचार करणे कमीपणाचे वाटले नाही.

क्रमाचा हा विचार कायद्यातही स्पष्ट आहे. महाराष्ट्रातील बहुतेक महापालिका ज्या १९४९ च्या अधिनियमाखाली चालतात, त्याच्या कलम ६३ मध्ये महापालिकेची आवश्यक कर्तव्ये सांगितली आहेत. पाणीपुरवठा, मैल्याचा व सांडपाण्याचा निचरा, रस्त्यांची सफाई, दिवाबत्ती, रोगांना प्रतिबंध, प्राथमिक शिक्षण ही त्यांतील ठळक कर्तव्ये. त्यानंतर कलम ६६ मध्ये स्वेच्छाधीन कर्तव्ये येतात. वस्तुसंग्रहालये, नाट्यगृहे, जलतरण तलाव यांसारख्या सोयी त्यांत मोडतात. आवश्यक ते आधी, ऐच्छिक ते नंतर, इतका साधा हा दंडक आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही नगराची व्यवस्था पाहणाऱ्या नागरकाने जलस्थाने आणि मार्ग यांची नित्य पाहणी करावी, असे सांगितले आहे. रस्त्यावर घाण टाकणाऱ्यास दंडही सांगितला आहे. उमेदवाराने आपले पत्रक लिहिताना कलम ६३ समोर ठेवले, तरी त्यातील निम्मी आश्वासने आपोआप गळून पडतील.

क्रम चुकला तर काय होते, हे जानेवारी २०२५ मध्ये पुण्याने अनुभवले. सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुइलेन-बारे सिंड्रोम या आजाराचे रुग्ण एकामागून एक आढळू लागले. हातापायांतील बळ जाते, गिळणे कठीण होते, प्रसंगी श्वासासाठी कृत्रिम यंत्राचा आधार घ्यावा लागतो, असा हा आजार. रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली, काहींना प्राण गमवावे लागले. नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत प्रादुर्भाव अधिक होता आणि त्यामागे दूषित पाणी हे प्रमुख कारण मानले गेले. खडकवासला धरण येथून हाकेच्या अंतरावर आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांचे पाणी पुण्याकडे येते ते याच बाजूने. तरीही या गावांतील अनेक घरांत जलशुद्धीकरण केंद्रातून आलेले पाणी पोहोचत नव्हते. विहिरीचे पाणी क्लोरीन टाकून पुरविले जात होते. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण येथे अधिक क्रूर रूपात खरी ठरली.

ही गावे महापालिकेच्या हद्दीत केव्हा आली? ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावे आणि जून २०२१ मध्ये २३ गावे पुण्यात समाविष्ट झाली. पुढे त्यांतील फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावे वगळण्यात आली. हद्द वाढली, बांधकामे वाढली, कराची आकारणी सुरू झाली. नळ मात्र मागे राहिला. म्हणून पुण्यासारख्या शहरातील उमेदवाराचा पहिला अग्रक्रम एकच असू शकतो : जेथे महापालिका कर घेते, तेथे तिने शुद्ध पाणी दिलेच पाहिजे. मध्यवस्तीत आणखी एक उद्यान फुलविण्यापूर्वी समाविष्ट गावात जलवाहिनी पोहोचली पाहिजे. मध्यवस्तीतील मतदाराला हे पटवून देणे कठीण आहे. परंतु जे सोपे तेवढेच बोलायचे असेल, तर नेतृत्वाची आवश्यकताच काय?

दुसरा अग्रक्रम सांडपाणी आणि ओढे-नाले यांचा. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जपानच्या अर्थसाहाय्यावर आधारित ९९० कोटी रुपयांची योजना २०१६ मध्ये मंजूर झाली. तीत दररोज ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेची ११ मैलाशुद्धीकरण केंद्रे योजिलेली होती. पण या कामाला वर्षानुवर्षे विलंब होत राहिला. दरम्यान २०२२ मध्ये नदीकाठ सुधारणेच्या कामाला प्रारंभ झाला. नदीकाठ सुंदर असावा, याविषयी कोणाचे दुमत असण्याचे कारण नाही. तथापि ज्या नदीला माता म्हणायचे, तिच्या काठावर रोषणाई आणि प्रवाहात मैला, हा क्रम कोणत्याही संस्कृतीत बसणारा नाही. आधी शुद्धी, मग शृंगार!

ओढ्यांची कथा याहून दाहक आहे. कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याला पेशवाईत नानासाहेबांनी वळण दिले, कात्रजच्या तलावातून भूमिगत नळाने शहरात पाणी आणले. भूमीचा उतार आणि पाण्याचा स्वभाव ओळखून केलेली ती रचना होती. त्याच आंबिल ओढ्याने २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री हाहाकार उडविला. पुणे आणि परिसरात त्या पावसाने वीसहून अधिक बळी घेतले. झोपडीतला माणूस आणि सोसायटीतला माणूस, दोघेही त्यात सापडले. २५ जुलै २०२४ रोजी मुठेच्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीतील घरांत शिरकाव केला. ओढ्याचे पात्र अरुंद करणारी भिंत, नाल्यावर टाकलेला स्लॅब, पूररेषेत दिलेली परवानगी या प्रत्येक गोष्टीवर कोणाची तरी स्वाक्षरी असते. उमेदवाराने मतदारांना एवढेच वचन द्यावे, की आपल्या प्रभागातील एकाही ओढ्याची रुंदी आपल्या कार्यकाळात एक फुटानेही कमी होणार नाही. हे वचन पाळण्यास एक रुपयाही लागत नाही. लागते ती हितसंबंधीयांना नकार देण्याची शक्ती.

तिसरा अग्रक्रम कचऱ्याचा. शहराचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या माथी मारण्याचा व्यवहार वर्षानुवर्षे चालला. तेथील विहिरी नासल्या, ग्रामस्थ आंदोलनास उभे राहिले, तेव्हा शहराला जाग आली. आपल्या घरची घाण दुसऱ्याच्या अंगणात टाकणे हा कोणाचाही धर्म असू शकत नाही. २००८ मध्ये महापालिकेने कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी करार केला आणि दारोदार जाऊन कचरा गोळा करणाऱ्या कष्टकरी भगिनींना मान्यता मिळाली. समाज ज्यांना दृष्टीआड करीत आला, त्यांच्याच हातांवर शहराचे आरोग्य उभे आहे. ओला कचरा सोसायटीतच जिरविणे, सुका कचरा वेगळा देणे आणि तो उचलणाऱ्या भगिनीला सन्मानाने वागविणे, ही कामे नगरसेवक आदेशाने करवून घेऊ शकत नाही. त्यासाठी घरोघर संपर्क लागतो. कार्यकर्त्याचा पिंड येथेच उपयोगी पडतो.

हे सारे करायचे तर पैसा कोठून येणार, हा प्रश्न टाळता येत नाही. जकात गेली. २०१३ मध्ये पुण्यात आलेला स्थानिक संस्था कर ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतांश व्यापाऱ्यांपुरता संपुष्टात आला. जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि महापालिकांना राज्याकडून मिळणाऱ्या भरपाईवर अवलंबून राहणे भाग पडले. हक्काचे उत्पन्न म्हणून उरला तो मुख्यतः मिळकतकर, आणि नेमका तोच माफ करण्याची घोषणा निवडणुकीत सर्वाधिक टाळ्या घेते! समान पाणीपुरवठा योजनेसाठी पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये ७.५९ टक्के व्याजाने २०० कोटी रुपयांचे कर्जरोखे उभारले. ज्या शहराचा हिशेब विश्वासार्ह, त्यालाच बाजार कर्ज देतो, आणि ते कर्ज अखेर नागरिकांनाच फेडायचे असते. अशा वेळी अंदाजपत्रकातील ‘स’ यादीतून बाकडी, पिशव्या आणि नामफलक यांवर होणारा खर्च, तसेच वर्षअखेरीस निधीचे ‘वर्गीकरण’ करून एका कामाचा पैसा दुसरीकडे वळविण्याची प्रथा, यांवर उमेदवाराने आधीच भूमिका जाहीर करावी. नव्या कामाचे उद्घाटन होते, छायाचित्र छापून येते. जुन्या जलवाहिनीच्या दुरुस्तीचे छायाचित्र कोणी काढीत नाही. शहर मात्र दुरुस्तीवरच जगते.

शेवटचा मुद्दा उत्तरदायित्वाचा. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यापासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत पुण्यात लोकनियुक्त सभागृहच नव्हते. प्रशासकच कारभार पाहत होते. निवडणूक झाली ती ४१ प्रभागांतून १६५ जागांसाठी, म्हणजे एका प्रभागात चार आणि एका ठिकाणी पाच नगरसेवक. चौघांचे काम ते कोणाचेच नाही, ही भीती या रचनेत आहे. तिच्यावर उपाय कायद्याची वाट न पाहताही करता येतो. निवडून आलेल्याने दर तिमाहीला प्रभागातील जाहीर सभेत हिशेब द्यावा : किती निधी मंजूर झाला, किती खर्च झाला, कोणते काम कोणत्या कारणासाठी मागे ठेवले. २००६ पासून पुणे महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून सूचना मागवीत आली आहे. त्या अर्जांचे पुढे काय झाले, हे सांगणारा नगरसेवक मिळाला, तर लोकांचा त्या प्रक्रियेवरील विश्वास दृढ होईल.

कार्यकर्त्यांचे आणि सुजाण कुटुंबांचे काम मतदानाच्या दिवशी संपत नाही; खरे तर ते उमेदवार ठरण्यापूर्वीच सुरू व्हायला हवे. आपल्या विचाराचा उमेदवार आहे, म्हणून त्याला प्रश्न विचारू नयेत, ही निष्ठा नव्हे. आपला आहे म्हणूनच त्याला अधिक कठोर प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. पहिले काम कोणते? त्याचा पैसा कोठून? त्यासाठी मागे काय ठेवणार? नकार कोणाला देणार? या चार प्रश्नांची उत्तरे ज्याच्यापाशी एका पानावर लिहिलेली असतील, त्याच्या पत्रकाला गुळगुळीत कागदाची गरज पडणार नाही. नांदेडमधील माता ज्या दिवशी नळाचे पाणी निःशंकपणे आपल्या लेकराच्या ओठांना लावील, त्या दिवशी शहराचा क्रम योग्य लागला असे समजावे. तोवर कारंजी थांबू शकतात.