आठ पायांची भावकी : भ्यायचं कुणाला?

 

दसऱ्याची साफसफाई निघाली, की न्हाणीच्या कोपऱ्यात, भिंतीच्या फटीत, सरपणाखाली आठ पायांचे जीव हमखास दिसतात. दिसला की आपला हात खराट्याकडं जातो. पण यांतला गरीब कोण आणि जिवावर उठणारा कोण, हे माहीत असलेलं बरं. आज तेच बोलू.

मुंगीला, झुरळाला पाय सहा. आठ पायांची भावकी वेगळी. कोळी, विंचू, गोचीड हे सगळे त्यातले. याच भावकीत एक लांब काटकुळ्या पायांचा जीव आहे. इंग्रजीत त्याला हार्वेस्टमन म्हणतात, म्हणजे कापणी करणारा. युरोपात पिकं काढायच्या दिवसांत तो फार दिसतो, म्हणून हे नाव पडलं. जगात त्याच्या ६ हजारांहून जास्त जाती आहेत. उष्ण प्रदेशातल्या दमट जंगलांत त्या सगळ्यात जास्त. तिथली काही कुळं तर एवढी लहान, की त्यांत मोजक्याच जाती आहेत. आपल्या सह्याद्रीच्या ओल्या रानातही हा जीव राहतो. त्याला ओल लागते, पालापाचोळा लागतो.

तो ओळखायचा कसा? कोळ्याच्या अंगाचे दोन भाग दिसतात, मधे बारीक कंबर असते. याचं अंग एकाच मण्यासारखं, कंबरच नाही. हा जाळं विणत नाही. याला विषाची ग्रंथीच नाही. फार छेडलं तर घाण वास सोडतो, नाहीतर एखादा पाय तिथंच टाकून पळतो. बारीक किडे, मेलेले जीव, बुरशी खातो. म्हणजे रानातला झाडूवालाच म्हणा. काही जातींत तर अंडी राखायचं काम बाप करतो!

आपल्या घराच्या कोपऱ्यात लांब पायांचा जो दिसतो, तो बहुतेक वेळा कोळी असतो, कारण त्याचं विस्कटलेलं जाळं तिथं असतं. त्याचं विष किड्यांपुरतं. तुमच्या लेकराला त्याचं भय नाही.

आता शिवारात चला. सोयाबीन, कपाशी खुरपताना पानापानावर कोळी दिसतात. कोळी पान खात नाही. तो तुडतुडे खातो, पांढरी माशी खातो, पतंग धरतो. सोयाबीनवर पिवळा मोझॅक रोग पसरवते ती हीच पांढरी माशी. दिसली कीड की मारा फवारा, असं केलं तर किडीबरोबर कोळीही मरतो. कीड लवकर वाढते, कोळी मात्र तेवढ्या लवकर वाढत नाही. मग पुन्हा फवारणी, पुन्हा खर्च, आणि ते औषध खुरपणाऱ्या बाईच्या अंगावर. म्हणून घरात सांगा : आधी झाडं बघा, कीड किती आणि कोळी किती ते मोजा, कृषी सहायकाला विचारा, मग काय ते ठरवा. उन्हाळ्याच्या शेवटी लिंबोळ्या गोळा करून ठेवल्या तर ५ टक्के निंबोळी अर्क गटातच करता येतो.

आता खरं भय कुणाचं, ते ऐका. विंचवाचं. त्यातही आपला डोळा फसतो. मोठी काळी इंगळी बघून आपण किंचाळतो, पण जिवाला जास्त धोका असतो तो लहान लाल विंचवाचा. त्याचं विष हृदयावर जातं.

यावर औषधाचा मार्ग दाखवला तो आपल्या मराठवाड्याच्याच माणसानं. डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. त्यांनी रायगड जिल्ह्यात महाड परिसरात डॉक्टरकी केली. विंचूदंशाचे रोगी रात्ररात्र जागून तपासले. प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी गोळी वेळेवर दिली तर रोगी वाचतो, हे त्यांनी १९८० च्या दशकात दाखवलं. पूर्वी विष भिनलेल्या १०० रोग्यांमधले ३० ते ४० दगावत. ते प्रमाण १०० मागे एकाच्या आसपास आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

गोळी आहे, पण ती वेळेत पोटात गेली पाहिजे. आणि वेळ जातो कुठं? उतारा करण्यात, मंत्र टाकण्यात, पाला चोळण्यात. बायांनो, विंचू चावला तर जागा कापू नका, चोखू नका, घट्ट बांधू नका. माणसाला धीर द्या, चालवू नका. दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणं, छातीत धडधड, दम लागणं यांतलं काही दिसलं तर क्षणभरही थांबू नका. लेकरू असेल तर ही लक्षणं दिसायची वाटच बघू नका. १०८ ला फोन करा, जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. दुखणं कमी आहे म्हणून धोका नाही, असं समजू नका. गोळी मात्र डॉक्टरच देतील, मनानं देऊ नका.

आणि चावूच नये म्हणून? गोवऱ्या, तुराट्या, दगड उचलताना आधी काठीनं हलवा. चपला झटकून घाला, अंथरूण झटकून टाका. रात्री बाहेर जाताना बॅटरी घ्या. उन्हाळ्यात लेकरांना भुईवर झोपवू नका. सरपण घराच्या भिंतीला लागून रचू नका.

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं ठरवा : रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायला गावात कुणाची गाडी मिळेल? त्याचा नंबर प्रत्येकीच्या घरात भिंतीवर लिहिलेला हवा. कोळ्याला राहू द्या, विंचवाला जपा, आणि विंचू चावलेल्याला आधी दवाखान्यात न्या.