गामा पैलवान आणि मल्लांचा आश्रय



कुस्तीचा विषय निघाला की जुनी माणसे गामा पैलवानांचे नाव घेतात. मूळ नाव गुलाम मोहम्मद बक्ष. घराणे पंजाबातील मल्लांचे. वडील लहानपणीच वारले. पुढे दतिया संस्थानच्या आश्रयाने हा पोर मल्ल झाला.

१९१० साली ते लंडनला गेले. उंची कमी म्हणून तेथील स्पर्धेत त्यांना प्रवेश मिळेना. तेव्हा त्यांनी उघड आव्हान दिले व अमेरिकेच्या डॉ. रोलरला चीत केले. मग पोलंडचा धिप्पाड झिबिस्को समोर आला. तो अडीच तास बहुतेक पालथा पडून राहिला आणि कुस्ती निकाली झाली नाही. फेरकुस्तीला तो आलाच नाही. 'जॉन बुल' पट्टा गामांना मिळाला. १९२८ साली पतियाळाला हीच जोड पुन्हा लागली. गामांनी मिनिटाच्या आत त्याला अस्मान दाखविले.

एवढ्या ताकदीमागे स्वतःची मेहनत होती, तसाच संस्थानांचा खुराकही होता. १९४७ नंतर संस्थाने गेली, आश्रय सुटला. लाहोरात आजारपण व ओढग्रस्तीत दिवस काढून २३ मे १९६० रोजी ते वारले. त्यांचे बंधू इमामबक्ष व पुतणे भोलू यांनी घराण्याची कुस्ती पुढे चालविली.

राजे गेले, आता गरीब घरच्या मल्लाचे दूधतूप गावानेच पाहावयाचे आहे. ज्या हातांनी मंदिराचा जीर्णोद्धार केला, त्यांनी तालमीच्या मातीकडेही लक्ष द्यावे, एवढीच विनंती.

जय बजरंगबली!