उन्हाळ्यात पाण्याकाठी बसा

हिवाळी बदकं परत गेली की आपल्याकडे दुर्बिणी कपाटात जातात. पण पक्षी पाहायला मे महिन्यासारखा महिना नाही. साग बोडका झालेला असतो, नाले आटलेले असतात आणि रानभर पांगलेली पाखरं उरल्यासुरल्या पाण्यावर येतात. तेव्हा फार हिंडू नका, पाण्याकाठी बसा.

नागपुरात धंतोलीकरांना अंबाझरी तलाव जवळ आहे. तलावाला लागूनच जैवविविधता उद्यान आहे, त्यामुळे पाणी आणि रानवाट एकाच फेरीत होतात. गोरेवाड्याच्या रानात जायचं तर प्रवेशाची चौकशी आधी करा. तिथे बिबट्याचा वावर आहे, ठरलेली वाट सोडू नका.

नागपूरचा पारा या दिवसांत 45 अंशांवर जातो. उद्यानाचं फाटक उघडताच आत शिरा, सकाळी नवाच्या आत परता. डोक्याला दुपट्टा, अंगात मळकट रंगाचे कपडे आणि भरपूर पाणी हवंच. ऊन पाठीशी राहील अशी सावली धरा आणि वीसेक मिनिटं गप्प बसा. काठावरचं मातकट ढेकूळ उडालं आणि पंख पांढरेशुभ्र दिसले, तर तो वंचक. विणीच्या या हंगामात त्याची पाठ किरमिजी होते. मग झाडीकडे वळा. दाट सावलीत लांब शेपटीचा स्वर्गीय नर्तक दिसेल. मेअखेरीस सकाळ-संध्याकाळ दोन सुरांची शीळ आली, तर पालापाचोळ्यात नवरंग शोधा.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो. टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये अंडी घालते. ऊन चढलं की ती पाण्यात पोटाची पिसं भिजवते आणि ओल्या अंगानं अंड्यांवर येऊन बसते. आपण जवळ उभे राहिलो तर ती परत येत नाही आणि अंडी उन्हात भाजून निघतात. टिटवी ओरडत घिरट्या घालू लागली की आल्या पावली मागे फिरा. फोटोसाठी कुठल्याही घरट्याची फांदी वाकवू नका, मुद्रित आवाज वाजवून पक्षी बोलावू नका.

बाहेर पडणं जमत नसेल, तर गच्चीवर सावलीत मातीचं पसरट, उथळ भांडं ठेवा. पाणी रोज बदला, भांडं घासा. बुलबुल, साळुंक्या, शिंजीर येतील. तारीख, वेळ आणि पक्षी वहीत टिपत राहा. दोन-तीन उन्हाळ्यांत आपल्या मोहल्ल्यातलं कोणतं पाखरू कधी येतं, हे तुम्हीच इतरांना सांगू शकाल.